वॉर्डात हात कमी पडले की आधी काय सुटतं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून तुला दोन वर्षं झाली. दिवसपाळीला तुझ्या एकटीकडे १४ रुग्ण असतात, नाइटला कधी कधी २५च्या वर. रुग्णांच्या तक्रारी वाढल्या, तर तुम्हा सगळ्यांना 'हसतमुख सेवा' या विषयावर दोन तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं, तेही नाइट संपल्यावर थांबवून घेऊन. आता तुला कळेनासं झालंय की कमी आपल्यातच आहे, की कामाच्या परिस्थितीचा रुग्णांवर खरोखर परिणाम होतो. आणि शेवटी तू लिहिलंयस, "मी पहिल्यासारखी राहिले नाही, हे मला दिसतंय."

मला या कामात ३१ वर्षं झाली. पहिली १९ खाटेशेजारी, मग इनचार्ज, आणि आता ड्युटी लिस्ट लावायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे तुला एकटीला २५ रुग्ण देणाऱ्या खुर्चीतही मी बसले आहे. दोन्हीकडून बघून सांगते: परिणाम होतो. मोजता येईल इतका होतो, आणि त्याची किंमत काही रुग्ण जिवाने मोजतात. तुझ्या चेहऱ्यावरच्या हसण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

पण 'आमच्यावर ताण असतो, म्हणून सेवेवर परिणाम होतो' एवढं म्हणून भागत नाही. ते ऐकून वरचे लोक मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. नेमकं काय सुटतं आणि कोणत्या क्रमाने सुटतं, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

अगदी वाईट दिवशीसुद्धा काय होतंच, ते आठव. इंजेक्शनं दिली जातात, सलाईन लागतं, ड्रेसिंग होतं, राउंडच्या आधी फाइली तयार असतात. कारण या सगळ्याची कागदावर सही आहे, डॉक्टर विचारतात, पुढच्या पाळीची सिस्टर बघते. जे कागदावर नाही ते पहिल्यांदा जातं, आणि त्यात सगळ्यात आधी जाते आपली नजर. खाटेवरून जाताना दिसणारं, की काल गप्पा मारणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून पडलाय. युरिनच्या पिशवीत दुपारपासून भर पडलेली नाही. बोलताना मध्येच दम घ्यावा लागतोय. यासाठी वेगळं काही 'करावं' लागत नाही, फक्त दोन मिनिटं थांबावं लागतं. आणि तीच दोन मिनिटं उरलेली नसतात.

एका रात्रीचं सांगते. आम्ही दोघी होतो आणि ३२ रुग्ण. बारा नंबरच्या खाटेवर एक आजोबा, पोटाच्या ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. अकराच्या सुमाराला मी त्यांच्या शेजारच्या मुलाचं सलाईन बदलत होते. त्यांनी हाक मारली, "सिस्टर, कसंतरीच होतंय." मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. बीपी अर्ध्या तासापूर्वीच घेतलं होतं, ठीक होतं. "आलेच हं," म्हणून मी पुढे गेले, कारण कोपऱ्यात नुकताच ऑपरेशन थिएटरमधून आलेला रुग्ण उलट्या करत होता आणि माझी जोडीदारीण नवी अॅडमिशन घेत होती. त्या 'आलेच'ला पाऊण तास लागला. परत गेले तेव्हा आजोबा उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, आणि एका वाक्यात तीनदा थांबत होते. श्वास मोजले. मिनिटाला ३४. पायाशी अडकवलेल्या चार्टवर नऊ वाजताची नोंद होती, माझ्याच अक्षरातली: १८. ती मी मोजलेली नव्हती.

जोडलेल्या आतड्याला गळती लागली होती. त्यांना आयसीयूत हलवलं, पुन्हा ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी ते घरी गेले. चौकशीत मला विचारलं, श्वास खरंच मोजले होते का. मी नाही म्हणून सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती, न मोजता आकडा लिहिणं ही चूकच आहे. पण त्या रात्री दोघींकडे किती रुग्ण होते, हा प्रश्न चौकशीच्या कागदावर कुठेच नव्हता. आणि पुढच्या नाइटलाही आम्ही दोघीच होतो.

श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं. साध्या वॉर्डात त्यासाठी मशीन नसतं, छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ३२ रुग्ण म्हणजे एका फेरीत ३२ मिनिटं फक्त श्वासांची. म्हणून नऊची फेरी घाईची असली की सगळ्यांच्या चार्टवर १८ नि २० दिसतात. रुग्ण बिघडायला लागला की श्वासाची गती बऱ्याचदा पहिल्यांदा बदलते, बीपी मागाहून कोसळतं. म्हणजे सगळ्यात लवकर इशारा देणारी खूण हीच वेळेअभावी सगळ्यात आधी गळते. आता मी कुठल्याही वॉर्डात गेले तर आधी चार्टावरचे श्वासांचे आकडे बघते. सगळे सारखे असतील तर त्या वॉर्डात माणसं कमी आहेत, हे मला कोणी सांगावं लागत नाही.

१९९२ साली जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. गुंतागुंत होणं हे बरंचसं रुग्णाच्या मूळ प्रकृतीवर अवलंबून असतं. पण गुंतागुंत झाल्यावर तो रुग्ण वाचतो की नाही, हे रुग्णालय कसं आहे यावर जास्त अवलंबून असतं. माझ्या आजोबांच्या आतड्याची गळती मी थांबवू शकले नसते. ती सव्वाअकराला कळली असती की बाराला, एवढंच माझ्या हातात होतं. असा पाऊण तास एखाद्याच्या बाबतीत पुरेसा असतो, एखाद्याच्या बाबतीत नसतो.

नजरेनंतर जाते ती अंगमेहनतीची, वेळखाऊ आणि कोणी न विचारणारी सेवा. २००६ साली अमेरिकेतल्या बिअॅट्रिस कॅलिश यांनी नर्सेसच्या गटांशी बोलून नेमकं काय राहून जातं हे नोंदवलं. रुग्णाला उठवून चालवणं, कूस बदलणं, भरवणं, तोंडाची स्वच्छता, डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगणं, धीर देणं, इनटेक-आउटपुटची, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं नि बाहेर किती पडलं याची नोंद. तू ही यादी वाचशील तेव्हा तुला वाटेल की कोणीतरी तुझ्याच वॉर्डात बसून लिहिली आहे. मला तसंच वाटलं होतं.

यातलं एकेक राहिलं की लगेच काही दिसत नाही, हीच त्यातली अडचण. कॅथेटरचं, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीचं उदाहरण घे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढायचा असतो. पण काढला की रुग्णाला दर दोन-तीन तासांनी बाथरूमला न्यावं लागणार, म्हणजे दोन माणसं लागणार, आणि ती नाहीत. म्हणून तो 'उद्या काढू' म्हणून राहतो. मुद्दाम कोणी ठरवत नाही, पण राहतो. कॅथेटर जितके दिवस जास्त, तितका लघवीच्या संसर्गाचा धोका जास्त. कॅथेटर आहे म्हणून रुग्ण उठत नाही. उठत नाही म्हणून छाती साफ होत नाही, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, कंबरेच्या हाडावरची त्वचा लाल पडते. पाचव्या दिवशी ताप येतो. मग अँटिबायोटिक, मग आणखी चार दिवस मुक्काम, मग तीच खाट तितके दिवस अडून राहते आणि तुमचं काम वाढतं. फाइलीत लिहिलं जातं 'युरिन इन्फेक्शन'. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हात कमी होते, हे फाइलीत कुठेच येत नाही.

पडण्याचंही तसंच. रुग्ण बेल वाजवतो, दहा मिनिटं कोणी येत नाही, त्याला घाई असते, तो एकटा उठतो. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. तक्रारीत येतं 'नर्सने लक्ष दिलं नाही'. खरंच दिलं नव्हतं, ती दुसऱ्या खाटेपाशी होती.

आता आकडे, कारण तुला ते मीटिंगमध्ये लागतील. २००२ साली लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच एका वाढीव रुग्णामागे नर्स थकून खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढली होती. हे दोन आकडे एकाच अभ्यासात शेजारी शेजारी आहेत, आणि तुझ्या प्रश्नाचे दोन्ही भाग त्यात आले. पुढे २०१४ साली युरोपातल्या ९ देशांमधल्या ३०० रुग्णालयांत, चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी घेऊन पाहिलं, तेव्हाही एका रुग्णामागे तोच ७ टक्के आला. त्यात आणखी एक गोष्ट होती: पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. म्हणून 'शिकलेली एक कमी करून दोन मदतनीस देतो' असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नकोस. मदतनीस हवेतच, पण नर्सच्या जागी नव्हे, नर्सच्या जोडीला.

मीटिंगमध्ये एक आक्षेप येईल आणि तो बिनबुडाचा नाही. जिथे नर्स कमी असतात तिथे पैसा, साधनं, डॉक्टर हेही कमी असतात, मग मृत्यू नर्सअभावी झाले कशावरून? त्यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं उदाहरण दे. तिथे २०१६ साली काही सरकारी रुग्णालयांत कायद्याने मर्यादा घातली: सकाळ-दुपारच्या पाळीत सरासरी चार रुग्णांमागे एक नर्स, रात्री सातामागे एक. मर्यादा लागू झालेल्या २७ आणि न झालेल्या २८ रुग्णालयांची आधीची आणि नंतरची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मर्यादा लागू झाली तिथे मृत्यू, पुन्हा भरती होणं आणि मुक्कामाचे दिवस या तिन्हींत फरक पडला. दिवस आणि परतणारे रुग्ण कमी झाल्याने जो खर्च वाचला, तो जादा नर्सेसच्या पगारापेक्षा दुपटीहून जास्त होता. कॅलिफोर्नियाने तर १९९९ सालीच कायदा केला आणि २००४ पासून अमलात आणला. व्यवस्थापनाशी बोलताना खर्चाचा मुद्दा तूच आधी काढ. नाहीतर तो ते काढतील आणि तू 'पैशापेक्षा जीव मोठा' म्हणत राहशील. तुझं खरं असूनही त्या खोलीत ते चालत नाही.

संख्येइतकंच दुखणं आहे कामात मध्येच अडवलं जाण्याचं, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. औषधांची फेरी चालू असताना काय काय होतं बघ. ट्रॉलीवर एकाची गोळी काढून हातात घेतलेली असते, तेवढ्यात फोन वाजतो: लॅबमधून सॅम्पल परत आलंय. फोन ठेवते तोच नातेवाईक विचारतात डॉक्टर कधी येणार. मग बिलिंगमधून माणूस येतो, फाइल हवी. मग सलाईनचा पंप वाजायला लागतो. परत ट्रॉलीशी येते तेव्हा हातातली गोळी कोणाची होती हे आठवायला दोन सेकंद लागतात, आणि मेंदू त्या दोन सेकंदांत बहुतेक वेळा बरोबर आठवतो. बहुतेक वेळा. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी नर्सेसच्या मागे उभं राहून हे प्रत्यक्ष मोजलं. औषध देताना प्रत्येक वेळी अडवलं गेलं की चुकीचं औषध, चुकीचा डोस अशा चुका साधारण १२ ते १३ टक्क्यांनी वाढत होत्या. काही ठिकाणी फेरीच्या वेळी 'मध्ये बोलू नका' असं लिहिलेला लाल एप्रन घालायला देतात. माझ्या अनुभवात त्याने थोडे दिवस फरक पडतो, मग लोकांची नजर मरते. खरा फरक पडला तो एकाच गोष्टीने: फेरी चालू असताना फोन आणि नातेवाईक यांच्यासाठी दुसऱ्या एका व्यक्तीची नेमणूक. तेवढी एक व्यक्ती मिळवायला मला दोन वर्षं भांडावं लागलं.

तासांबद्दल थोडक्यात. अॅन रॉजर्स यांच्या २००४ सालच्या अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चूक होण्याची शक्यता तिपटीच्या आसपास गेली होती. आणि ठरलेली पाळी केवढीही असो, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आली नाही की ती लांबतेच. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात, हे १९९७ साली प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. नाइट करून सकाळी 'जरा दुपारपर्यंत थांब' म्हटलेली मुलगी याच अवस्थेत इन्सुलिनचे युनिट मोजत असते. मी स्वतः अशा मुलींना थांबवलं आहे. आता थांबवत नाही. वॉर्ड कमी माणसांनी चालवायची वेळ आली तर तसं वर लिहून देते, पण जागून थकलेलीला औषधाच्या ट्रॉलीपाशी उभं करत नाही.

आणि शरीराच्या त्या गोष्टी, ज्या आपण एकमेकींनाच सांगतो. बाथरूमला जायला वेळ मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणं. मग सारखा होणारा लघवीचा त्रास. पाळीच्या दिवसांत आठ तास उभं राहणं. स्टेशनवरचं स्टूल 'बसून राहता' म्हणून काढून टाकलेलं. नवीन मुलींना हे सहन करणं म्हणजे कणखरपणा वाटतो, कारण आम्ही जुन्यांनी त्यांना तसं शिकवलं. ते आमचं चुकलं.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते तुझा खरा प्रश्न तोच आहे.

माणूस कामाने थकतो, ते झोपेने, सुट्टीने भरून निघतं. पण आपल्याला जे पोखरतं ते वेगळं आहे. ड्युटी संपवून निघताना आपल्याला पक्कं माहीत असतं की काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही. सात नंबरच्या बाईंची कूस बदलायची राहिली. त्या मुलाला उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटत होती, त्याच्याशी बोलायचं होतं. येत नव्हतं म्हणून राहिलं नाही, आळस म्हणून राहिलं नाही, करता येत होतं आणि करू दिलं गेलं नाही. योग्य काय ते कळतंय पण परिस्थिती ते करू देत नाही, या यातनेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नैतिक क्लेश असं नाव दिलं, आणि ते नर्सिंगबद्दल लिहितानाच दिलं. मला हे नाव कळलं तेव्हा नोकरीला बारा वर्षं झाली होती. तोवर मी त्याला माझा हळवेपणा समजत होते.

हा क्लेश रोज सहन करता येत नाही, म्हणून मन त्यावर जाड कातडी चढवतं. आधी रुग्णाचं नाव जातं, 'बेड नंबर सात' राहतं. मग हाक ऐकू येऊनही लगेच वळावंसं वाटत नाही. मग आवाज चढतो. मग वाटायला लागतं की हे लोक मुद्दामच त्रास देतात. १९५०च्या दशकात लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात इझाबेल मेन्झीज यांनी हेच पाहिलं होतं. तिथे काम असं तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं होतं, की कोणत्याही नर्सचा कोणत्याही एका रुग्णाशी फार वेळ संबंध येऊच नये, आणि रुग्णांचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या नंबरने किंवा बिघडलेल्या अवयवाने होई. त्यांनी १९६० साली मांडलं की ही सगळी रचना म्हणजे दुःखापासून स्वतःला वाचवण्याची धडपड आहे, आणि त्या धडपडीतच कामातलं समाधानही निघून जातं.

म्हणून तू 'पहिल्यासारखी राहिले नाही' म्हणतेस ते खोटं नाही, आणि तो तुझ्या स्वभावातला दोषही नाही. जखमेवर खपली धरते तसं ते आहे. पण एक सांगते, आणि हे कठोर वाटलं तरी ऐक. त्या खपलीची किंमत रुग्ण देतो. ज्या मुलीचं मन पूर्ण बधिर झालंय तिला बारा नंबरच्या आजोबांचं 'कसंतरीच होतंय' ऐकूच येत नाही. म्हणून उमेद टिकवणं हा तुझ्या सुखाचा खासगी प्रश्न नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हणूनच तो मांडला पाहिजे, आणि तो सोडवण्याची जबाबदारी तुझ्या एकटीवर ढकलू देऊ नये. श्वसनाचे व्यायाम, ध्यानाचं शिबिर, 'आदर्श परिचारिका' पुरस्कार यांनी कोणाचं वाईट होत नाही. पण १४चे १४ रुग्ण तसेच ठेवून हे दिलं, की मुलींना एकच अर्थ कळतो: दुखणं तुमच्यात आहे. २०२० साली जगभर आपल्यासाठी टाळ्या वाजल्या. मी त्या ऐकून रडले होते, त्या खऱ्या होत्या. पण त्यानंतरही ड्युटी लिस्टमध्ये तेवढीच नावं होती.

पुढचं चक्र तू पाहतेच आहेस. एक सोडून जाते, तिचे रुग्ण उरलेल्यांत वाटले जातात, मग दुसरी जाते. तिच्या जागी तात्पुरती मुलगी येते. ती चांगली असते, पण तिला क्रॅश कार्टची, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीची किल्ली कुठे असते ते माहीत नसतं, कोणत्या डॉक्टरांना रात्री फोन केला तर ते ओरडतील आणि तरीही करायचाच, हे माहीत नसतं. अनुभवी नर्स जाते तेव्हा तिच्याबरोबर वॉर्डाची आठवण जाते.

इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात हे टोकाला गेलं. खर्च कमी करण्याच्या नादात नर्सेस कमी केल्या, रुग्ण घाण झालेल्या चादरींवर तासन् तास पडून राहिले, पाणी हाताला न लागेल अशा जागी ठेवलेलं असे. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. मला त्यात सगळ्यात लागलं ते हे, की काही कर्मचारी आधीपासून ओरडून सांगत होते आणि वरचे लोक आर्थिक उद्दिष्टांच्या तक्त्यात बुडालेले होते. तिथल्या सगळ्याच नर्स निर्दोष होत्या असं मी म्हणणार नाही. भरपूर माणसं असतानाही रुग्णाला तुच्छतेने वागवणाऱ्या सिस्टर्स मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना पाठीशी घालणं हा आपल्या कामाचाच अपमान आहे. पण एक नर्स वाईट वागते तेव्हा नर्सकडे बघावं, सगळा वॉर्ड वाईट वागायला लागतो तेव्हा ड्युटी लिस्टकडे बघावं.

मी लिस्ट लावणारी म्हणून कशाने फरक पडताना पाहिलाय? पहिलं म्हणजे खाटा न मोजता सेवा मोजणं. स्वतः चालणारा, उद्या घरी जाणारा रुग्ण आणि नुकताच आयसीयूतून आलेला, दर तासाला बघावा लागणारा रुग्ण, हे दोन्ही 'एक रुग्ण' नाहीत. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला इनचार्जने पाच मिनिटांत जड-हलकं ठरवून वाटणी करायची, एवढ्यानेही, एकही माणूस न वाढवता, गोष्टी सुधारतात. दुसरं, इनचार्जच्या वाट्याला स्वतःचे रुग्ण ठेवायचे नाहीत, तिची नजर सगळ्या वॉर्डावर मोकळी हवी. लिस्ट किमान चार आठवडे आधी लावायची. शनिवारी रात्री कळतं की सोमवारपासून नाइट, अशाने माणसाचं घर चालत नाही. चादरी शोधणं, सॅम्पल पोचवणं, बिलाचे फोन ही कामं नर्सच्या हातातून काढायची. नव्या मुलीला पहिले काही महिने नाइटला एकटी ठेवायची नाही. आणि चूक झाली की पहिला प्रश्न 'कोण होतं?' न विचारता 'त्या वेळी काय काय चालू होतं?' असा विचारायचा. माझ्या त्या रात्रीच्या चौकशीच्या कागदात आता पाळीवरची नर्ससंख्या आणि रुग्णसंख्या या दोन ओळी आहेत. त्या मी घातल्या.

१९८३ साली अमेरिकेत नर्स टंचाईच्या काळात उलटा प्रश्न विचारला गेला: जिथून नर्स सोडून जात नाहीत अशी रुग्णालयं कोणती? ४१ सापडली. तिथे पुरेशी माणसं होती, नर्सचं मत डॉक्टर ऐकत होते, वरच्या पदावरची नर्स वॉर्डात दिसत होती आणि आपल्या कामाचे निर्णय नर्सला घेता येत होते. यातली एकही गोष्ट तेव्हा नवी नव्हती आणि आजही नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं, तर उद्यापासून दोन गोष्टी कर. न केलेलं कधीही केलं म्हणून लिहू नकोस, राहिलं तर 'राहिलं' असं लिही आणि हॅण्डओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, तोंडाने सांग. त्याने तू अडचणीत येशील अशी भीती वाटेल, पण खोटा १८ जास्त धोक्याचा आहे, रुग्णाला आणि तुलाही. दुसरं, पाळी हाताबाहेर जातेय असं वाटलं की त्याच वेळी, नंतर नाही, इनचार्जला एका ओळीत लेखी कळव: तारीख, वेळ, किती नर्स, किती रुग्ण, त्यातले जड किती, काय राहण्याची शक्यता आहे. भावना लिहू नकोस. तुम्ही चौघी-पाचजणींनी तीन महिने असं केलंत तर तो कागद कोणाला टाळता येत नाही. एकटीने केलंस तर तुझ्यावर शिक्का बसेल, म्हणून आधी मैत्रिणींशी बोल.

आणि सोडायचं का? तीन महिन्यांत कागद वाचलाच गेला नाही, उलट लिहिल्याबद्दल तुलाच ऐकवलं गेलं, तर सोड. ती पळून जाणारी नर्स नसते. मी माझं तिसरं रुग्णालय असंच सोडलं आणि त्यामुळेच अजून या कामात आहे. फक्त नवीन ठिकाणी मुलाखतीला जाशील तेव्हा तूही तीन प्रश्न विचार: रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात, रिलीव्हर आली नाही तर तुम्ही काय करता, आणि गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या. मग शक्य झालं तर संध्याकाळच्या हॅण्डओव्हरच्या वेळी त्यांच्या वॉर्डाच्या दारात पाच मिनिटं उभी राहा. सिस्टर्स रुग्णांची नावं घेतायत की खाटेचे नंबर, ते ऐक, आणि मग ठरव.